गाडी घेतली आणि बस सोडली

सकाळी साडेनऊच्या सुमाराला गोगटे सर्कलला उभं राहून पंधरा मिनिटं नुसतं मोजून बघा. दुचाकी किती गेल्या, त्यांच्यावर माणसं किती होती, आणि तेवढ्या वेळात सिटी बस किती आल्या. आकडा तुमचा तुम्हीच काढा. पण न मोजताही दिसतं ते हे की बहुतेक दुचाकींवर एकटा माणूस असतो, आणि बस आलीच तर तिच्या दारात पोरं लोंबकळत असतात.

बेळगावच्या ट्रॅफिकवर आपण रोज बोलतो. सिग्नल, खोदलेले रस्ते, कुठंही थांबणाऱ्या रिक्षा, रामदेव गल्लीतलं पार्किंग, सगळ्यांना शिव्या देऊन होतात. सीमाप्रश्नावरही आपण रोज बोलतो. पण हे दोन विषय आपण दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवलेत. ट्रॅफिक म्हणजे महापालिका आणि पोलीस. सीमाप्रश्न म्हणजे १ नोव्हेंबर, १७ जानेवारी आणि सुप्रीम कोर्टातली तारीख.

येळ्ळूरहून किंवा कडोलीहून कॉलेजला येणाऱ्या मुलीला सकाळची बस मिळते का, आलेली बस कुठली ते तिच्या आजीला वाचता येतं का, आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आत ती घरी पोचते का, हे आपल्या हक्काचेच प्रश्न आहेत. ते आपल्या यादीत इतके खाली का गेले, त्याचं कारण आपल्याच अंगणात साइड स्टँडवर उभं आहे. केए २२ ची पाटी लावलेलं.

आधी शहर कसं आहे ते बघू. बेळगाव म्हणजे मुळात किल्ला, पेठ आणि कॅम्प. गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार हे रस्ते पायी चालणाऱ्यांच्या आणि बैलगाडीच्या हिशेबाचे. शहापूर, वडगाव, अनगोळ ही जुनी वस्ती शहराला येऊन चिकटली, आणि या सगळ्याच्या मधून रेल्वेलाइन गेली. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत पाच लाखांच्या आसपास माणसं होती. पण हे शहर रोज वापरणारी माणसं तेवढीच नाहीत. उचगाव, बेळगुंदी, किणये, सांबरा, मुतगा, हिंडलगा, कंग्राळी, सगळ्यांचं कॉलेज, दवाखाना, बाजार आणि कोर्टकचेरी इथंच. चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात असला तरी तिथल्या माणसाला मोठा दवाखाना म्हटलं की बेळगाव आठवतं. उलट बाजूनं आपली पोरं वेंगुर्ला रोडनं शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. म्हणजे राज्याची हद्द ओलांडून कामाला जाणं ही आपल्याकडं रोजची गोष्ट आहे, आणि ती बहुतेक दुचाकीवरून होते.

या गर्दीवर आजवर उपाय काय झाले? पूल आणि रुंदीकरण. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव आलं, तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. कपिलेश्वरजवळ, गोगटे सर्कलला आणि तिसऱ्या गेटला रेल्वेवरून पूल आले. गेट पडल्यावर घड्याळ बघत थांबायचं तेवढं वाचलं, हे मान्य करायला पाहिजे. पण पूल उतरलं की पुढचा चौक तोच आणि तेवढाच. गेटला अडकणाऱ्या गाड्या आता चौकात अडकतात.

बायपासचंही तसंच. हलगा-मच्छे बायपाससाठी शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर भागातली पिकाऊ जमीन जाणार म्हणून शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टात आणि बांधावर लढले. बेळगावी बासमती ज्या शिवारात पिकते ती ही जमीन. हा रस्ता पुणे-बंगळूर महामार्ग आणि गोव्याचा रस्ता जोडण्यासाठी आहे. तो शहराला वळसा घालून जाणाऱ्यासाठी. शहरात येणाऱ्यासाठी काय? ज्याची जमीन रस्त्यात जाते, त्याच घरातली मुलगी सकाळी फाट्यावर बसची वाट बघत उभी असते. तिला या सगळ्या खर्चातून एक जादा बस मिळाली का, हे कुणी विचारत नाही. आपणही विचारत नाही.

आता साधा हिशेब करू. एका सिटी बसमध्ये पन्नास माणसं धरा, बस बारा मीटरच्या आसपास लांब. तीच पन्नास माणसं दुचाकीवर निघाली, त्यातली बरीच एकटी, तर चाळीस गाड्या होतात. पुढंमागं जरा अंतर सोडलं की एका गाडीला चार मीटर जागा लागते. तीन-तीन गाड्या शेजारी लावल्या तरी रांग पन्नास मीटरच्या पुढं जाते. बस बारा मीटर, गाड्या पन्नास मीटर, माणसं तेवढीच. त्यात या चाळीस गाड्या दिवसभर कुठंतरी लावाव्या लागतात, म्हणून फूटपाथ गेला, म्हणून चालणारा रस्त्यावर आला, म्हणून रस्ता आणखी अरुंद झाला. यात कुणाही एकट्याचा दोष नाही. पण बस न वाढवता रस्ता कितीही रुंद केला तरी तो भरणारच, हे या हिशेबात आलं.

मग पोरं गाडी का घेतात? हौस असतेच, पण मुख्य कारण हौस नाही. बसचा भरवसा नाही. पहिल्या शिफ्टला उद्यमबागला वेळेत पोचायचं तर बसवर अवलंबून राहता येत नाही. क्लास सुटेपर्यंत गावची बस गेलेली असते. म्हणून बाप कर्ज काढतो, सोसायटीतून उचल घेतो आणि गाडी येते. रोज जाऊनयेऊन तीस किलोमीटर, पन्नासचं ॲव्हरेज आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर पंधरा लिटर पेट्रोल लागतं. शंभरच्या वरच्या दरानं दीड हजार रुपये. वर हप्ता, विमा, टायर. ज्या पोराला पहिल्या नोकरीत दहा-बारा हजार मिळतात, त्याच्या पगाराचा मोठा तुकडा नुसता कामावर पोचण्यात जातो. आणि पोचण्याचीही खात्री नाही. खानापूर रोड, वेंगुर्ला रोड आणि हायवेनं काय केलंय ते गावच्या वेशीवरच्या ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या फलकांवर वाचायला मिळतं. फोटोतल्या पोरांची वयं बघा.

आणखी एक गोष्ट घराघरात दिसते. गाडी भावाला मिळते, बस बहिणीला. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात महिलांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही. शक्ती योजनेचा फायदा आपल्या गावातल्या बायकामुलींनाही झाला. कुणी काही म्हणो, ज्या बाईला बाजाराला जायला नवऱ्याकडं वीस रुपये मागावे लागत होते, तिला ते मागावे लागत नाहीत. पण तिकीट माफ झालं तरी गर्दीच्या मानानं बस वाढल्या नाहीत. फुकट बस थांब्यावर थांबलीच नाही तर ती कुणाच्या उपयोगाची? दोन भरलेल्या बस समोरून न थांबता निघून गेल्या की घरचे म्हणतात, ‘रोजचीच कटकट. राहू दे कॉलेज.’ बहिणीचं शिक्षण असं सुटतं. त्याची कुठं नोंद होत नाही, मोर्चा निघत नाही.

आता पाटीकडं येऊ, कारण हे पान वाचणाऱ्यांना तोच विषय आधी आठवला असणार. बहुतेक बसवर गावाचं नाव कन्नडमध्ये असतं, आणि मराठीत नसतं. यावर आपण पोस्टी टाकतो. पण जरा प्रामाणिकपणे बघू. विशी-पंचविशीतल्या आपल्यातल्या बहुतेकांना ती पाटी वाचता येते. शाळेत कन्नड सक्तीचं होतं, परीक्षा दिली, पास झालो. शिवाय आपण गाडीवर असतो, बसची पाटी वाचायची वेळच येत नाही. ती वेळ येते आपल्या आजीवर. ती येते चंदगडहून बापाला दवाखान्यात घेऊन आलेल्या माणसावर. तो सीबीटीवर उभा राहून दहा जणांना विचारतो, ‘ही कुठं जातीय ओ?’ आणि सांगणारा भेटेपर्यंत बस सुटते.

म्हणजे पोस्ट टाकणारा बसमध्ये नाही, आणि बसमधला पोस्ट टाकत नाही. आपली मागणी कागदावर राहते ती यामुळं. जो रोज बसतो त्याला कुठली बस किती वाजता येत नाही, कुठल्या थांब्यावर थांबत नाही, हे तोंडपाठ असतं. अधिकाऱ्यासमोर तेच उपयोगी पडतं. ‘मराठीवर अन्याय होतोय’ हे वाक्य त्यानं हजारदा ऐकलंय. ‘सकाळी आठ दहाची गाडी गेल्या महिन्यात अकरा दिवस आली नाही, ही बघा तारखांची यादी’ असं कुणी सांगितलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं.

आणि आपली मराठी आपण कुठं लिहितो? स्वतःच्या नंबरप्लेटवर. ४१४१ चं ‘दादा’ करतो, आकडे देवनागरीत काढतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे नंबर इंग्रजी अक्षरांत आणि त्याच अंकांत असावा लागतो, त्यामुळं पोलिसानं पकडलं की दंड भरतो, आणि मित्रांना सांगतो की भाषेसाठी दंड भरला. ज्या पाटीवर मराठी लिहिणं बेकायदा आहे तिथं आपण हट्टानं लिहितो. जिथं मराठी मागायला कायद्याचा आधार आहे, त्या बसच्या पाटीसाठी साधा अर्जही करत नाही.

तो आधार नीट समजून घ्या, कारण अर्जात तो लिहावा लागेल. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशपातळीवर काही संरक्षणं ठरली. त्यातलं एक असं की जिल्हा, तालुका किंवा नगरपालिका क्षेत्रात एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के किंवा त्याहून जास्त असतील, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत मराठी माणूस त्याहून कितीतरी जास्त आहे. आता ‘बसची पाटी’ हे शब्द त्यात लिहिलेले नाहीत, हे समोरचा सांगणारच. आपलं म्हणणं असं मांडायचं की सार्वजनिक बसचं वेळापत्रक आणि मार्ग यापेक्षा रोजच्या उपयोगाची सरकारी सूचना दुसरी कुठली? दुसरं, राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत तक्रार अर्ज देता येतो. अर्ज मराठीत लिहा, तो तुमचा हक्क आहे. तिसरं, कन्नड सक्तीचं जे नवं कलम आपल्याला दाखवतात ते दुकानांच्या आणि आस्थापनांच्या फलकांवर ६० टक्के कन्नड मागतं. १०० टक्के मागत नाही. दुसरी भाषा लिहूच नका असं त्या कायद्यातही नाही.

पण नुसती भाषा मागून भागणार नाही. त्याबरोबर नंबर मागा. मोठ्या आकड्यात, पुढं, मागं आणि बाजूला. म्हैसूरला चामुंडी डोंगरावर जायचं तर २०१ नंबरची बस, एवढं ठाऊक असलं की पुरतं. हैदराबादला तेलुगू न वाचता येणारा माणूसही १० एच म्हणून बरोबर बसतो आणि बरोबर उतरतो. आकडा कुणाच्या बाजूचा नसतो. मार्गाचा नंबर, खाली कन्नड, मराठी आणि इंग्रजीत गावाचं नाव, आणि थांब्यावर तिन्ही भाषांत वेळापत्रक. या मागणीला विरोध करायचा तर समोरच्याला फार अवघड जाईल, कारण बागलकोट, विजापूरकडून इथं शिकायला आलेल्या कन्नड मुलालाही तेच हवंय. नवीन माणसाला बेळगावची सिटी बस कळत नाही, मग तो कुठल्याही भाषेचा असो.

कुणी म्हणेल, असल्या गोष्टी मोठ्या शहरांत होतात. मग हुबळी-धारवाड बघा. तास-दीड तासावर. तिथं बावीसेक किलोमीटरच्या रस्त्यावर मधल्या मार्गिकेतून फक्त बस धावते. २०१८ पासून सुरू आहे, तिला चिगरी म्हणतात, चिगरी म्हणजे हरिण. तिच्याबद्दल तिथल्या लोकांच्या तक्रारी आहेत, चौकात कोंडी होते, बाकीच्या गाड्यांना रस्ता कमी पडतो, हेही खरं. पण ती चालवणारं वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळ आपल्याच बस चालवतं. म्हणजे त्यांना जमत नाही असं नाही. हुबळी-धारवाडकरांसाठी जे जमलं त्यातलं निदान थोडं बेळगावकरांसाठी का जमत नाही, हा प्रश्न कन्नड बेळगावकरानंही विचारायला पाहिजे. आपण त्याला सोबत घ्यायला पाहिजे.

इथं एक कडू गोष्ट बोलावी लागेल. सीमावाद पेटला की पहिला दगड बसवर पडतो. ६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या तालुक्यात भाषेच्या वादातून कंडक्टरला मारहाण झाली, तिकडं चित्रदुर्गला एसटीच्या चालकाला काळं फासलं, आणि कोल्हापूर-बेळगाव बससेवा बंद पडली. त्या दिवसांत अडकलं कोण? मंत्री अडकले नाहीत, दोन्हीकडचे पुढारी अडकले नाहीत. डायलिसिसला येणारा चंदगडचा म्हातारा अडकला. निपाणीची, कोल्हापूरला परीक्षेला जाणारी मुलगी अडकली. ज्यांच्याकडं गाडी होती ते गेले.

कंडक्टर हा महिन्याच्या पगारावर उभ्यानं नोकरी करणारा माणूस आहे. त्याच्या हातात तिकिटाचं मशीन आहे, पाटी कुठल्या भाषेत असावी हे ठरवायची सत्ता नाही. त्याला मराठी येत नसेल तर दोष त्याची नेमणूक करणाऱ्यांचा. मराठी गावांच्या मार्गावर मराठी समजणारा कंडक्टर द्या, ही मागणी लेखी करता येते आणि करायला पाहिजे. हात उगारला की ती मागणी त्याच दिवशी मेली, आणि दुसऱ्या दिवशी बस आपल्याच गावाची बंद झाली.

‘यानं मूळ मागणी पातळ होते’ असं आपल्यातले काही जण म्हणतील. महाराष्ट्रात जायचं आहे, मग कर्नाटकाच्या बस सुधारायच्या कशाला? हा विचार मनाला बरा वाटतो, पण त्याची किंमत दुसरंच कुणीतरी भरतं. महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ मध्ये दाखल झाला. त्या वर्षी जन्मलेलं पोरगं आता पदवीधर होऊन नोकरी शोधतंय. त्याचं सगळं शिक्षण या तारखांमध्ये झालं. आजची बस मागितल्यानं कोर्टातला दावा दुबळा होत नाही. उलट गावं टिकली, मुली शिकल्या आणि तरुण इथंच राहिले, तरच दावा सांगायला माणसं उरतील. रोज दोन तास रस्त्यात घालवून वैतागलेलं पोरगं शेवटी पुण्याला खोली घेतं. मतदार यादीतलं एक मराठी नाव असं कमी होतं, आणि त्याला कुठल्या सरकारला हुकूम काढावा लागत नाही.

आणि जे आपण इथं मागतो तेच जत, अक्कलकोटच्या कन्नड माणसाला एसटीत मिळायला हवं, हे आपण स्वतःहून म्हटलं पाहिजे. हक्क असाच मागता येतो. नाहीतर ती नुसती मारामारी होते.

म्हणून गाडी विका असं कुणी म्हणत नाही. शिनोळीच्या रात्रपाळीला बस नाहीच, तिथं गाडी लागणारच. पण महिनाभर आठवड्यातले दोन दिवस तरी बसनं जाऊन बघा. वही ठेवा. बस किती वाजता यायची होती, किती वाजता आली, थांबली का, पाटीवर काय होतं. गावातल्या बसनं जाणाऱ्या पाच मुलींना विचारा, त्यांची शेवटची बस कधीची आणि ती चुकली तर त्या काय करतात. ग्रामपंचायतीतून ठराव करून घ्या, त्याला ही यादी जोडा. अर्ज मराठीत लिहा, सोबत कन्नड प्रत द्या, म्हणजे ‘भाषा कळली नाही’ हे कारण उरणार नाही. आगार व्यवस्थापकाला एक, जिल्हाधिकाऱ्यांना एक. पोच घ्या, शिक्का मारून घ्या. मग पुढच्या महिन्यात पुन्हा जा.

मागण्या पाचच ठेवा. बसला नंबर. पाटी आणि वेळापत्रक मराठीतही. कॉलेजच्या वेळेला मराठी गावांच्या मार्गावर जादा फेऱ्या. संध्याकाळच्या शेवटच्या बसची लेखी हमी. मार्गाची भाषा समजणारा कंडक्टर.

यात घोषणा देण्यासारखं फारसं काही नाही, हे खरं. पण मुलगी सातच्या आत घरी पोचली आणि आजी कुणाला न विचारता बरोबर बसमध्ये चढली, तर बेळगावात मराठी माणूस मानानं राहतो हे सांगायला वेगळी घोषणा लागणार नाही.

जय महाराष्ट्र.